४८ व्या वर्षी कॅमेरा मिळाला, दोन वर्षांत तो बदलला आणि कोलकात्यात जन्मलेल्या या बाईने पोर्ट्रेटच बदलून टाकलं

चार फोटोग्राफर एकत्र आले की सध्या एका विषयावर हमखास वाद होतो. पोर्ट्रेट काढायला जुना डीएसएलआर बास आहे, की तो विकून मिररलेस घ्यायचा?

एक गट म्हणतो, मिररलेस डोळा शोधून आपोआप फोकस करतो, फोटो कसा येणार ते आधीच दिसतं, त्यामुळे आता मागे बघायचंच नाही. दुसरा गट म्हणतो, कॅमेरा बदलून नजर बदलत नाही, ते पैसे एखाद्या चांगल्या लेन्समध्ये घाला. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, म्हणून हा वाद कधी मिटत नाही.

पण पोर्ट्रेटसाठी कॅमेरा बदलावा की नाही, हा प्रश्न आजचा नाही. तो दीडशे वर्षांपेक्षा जुना आहे. १८६० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका बेटावर राहणाऱ्या पन्नाशीच्या बाईसमोर हाच प्रश्न होता. तिने हातातला चालू कॅमेरा बाजूला ठेवला आणि त्याहून मोठा, जड आणि कटकटीचा कॅमेरा घेतला. टीकाकारांनी तिची खिल्ली उडवली. आज मात्र चार्ल्स डार्विन किंवा कवी टेनिसन यांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं, तर अनेकांना तिनेच काढलेला फोटो आठवतो.

तिचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनावाचा आणि कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. तो निव्वळ योगायोग.

गोष्ट सुरू होते कोलकात्यातून

ज्युलियाचा जन्म ११ जून १८१५ चा, कोलकात्यातल्या गार्डन रीच भागातला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी होते, तर आई फ्रेंच सरदार घराण्यातली. घरात मुलीच मुली. पॅटल बहिणी त्यांच्या रूपासाठी कोलकात्याच्या इंग्रज वर्तुळात प्रसिद्ध होत्या. ज्युलिया मात्र देखण्या बहिणींमधली साधी दिसणारी म्हणून ओळखली जायची. पुढे आयुष्यभर ती दुसऱ्यांच्या चेहऱ्यातलं सौंदर्य शोधत राहिली.

तिचं शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये, आजीकडे झालं. १८३४ मध्ये ती भारतात परतली. दोन वर्षांनी तब्येत सुधारावी म्हणून तिला दक्षिण आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपला पाठवण्यात आलं. त्या काळी भारतातले आजारी इंग्रज हवापालटासाठी तिकडे जायचे.

तिथे तिला दोन माणसं भेटली आणि या दोघांनी तिच्या आयुष्याची दिशा ठरवली.

पहिला माणूस सर जॉन हर्शेल. हा खगोलशास्त्रज्ञ दक्षिणेकडचं आकाश अभ्यासायला केपला आला होता. पण फोटोग्राफीच्या इतिहासातही त्याचं नाव मोठं आहे. आपण ज्याला हायपो म्हणतो, त्या रसायनात चांदीचे क्षार विरघळतात हे त्याने १८१९ मध्येच शोधलं होतं. पुढे फोटो पक्का करण्यासाठी तेच रसायन कामी आलं. फोटोग्राफी हा शब्द रूढ करण्यातही त्याचा मोठा वाटा. ज्युलिया कोलकात्यात असताना त्यानेच तिला या नव्या शोधाबद्दल पत्रातून कळवलं आणि पुढे काही नमुनेही पाठवले.

दुसरा माणूस चार्ल्स हे कॅमेरॉन. कायदेपंडित, ज्युलियापेक्षा २० वर्षांनी मोठा. १८३८ मध्ये कोलकात्यात दोघांचं लग्न झालं. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालच्या ज्या विधी आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा तयार केला, त्याचा हा सदस्य. १८६० मध्ये मंजूर झालेला हा कायदा १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू होईपर्यंत आपल्याकडे चालू होता. म्हणजे सिनेमातले पोलीस तीनशे दोन, चारशे वीस असे जे आकडे फेकायचे, त्यामागे ज्युलियाच्या नवऱ्याचाही हात होता.

कोळशाची खोली आणि कोंबड्यांचं खुराडं

१८४८ मध्ये चार्ल्स निवृत्त झाला आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. लंडनमध्ये ज्युलियाची बहीण सारा प्रिन्सेप हिच्या घरी कवी, चित्रकार आणि विचारवंतांचा राबता असायचा. ज्युलियाची या मंडळींशी ओळख तिथे वाढली. १८६० मध्ये तिने आयल ऑफ वाइट या बेटावर फ्रेशवॉटर गावात दोन शेजारशेजारची घरं विकत घेतली. सिलोनमधल्या म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या आपल्या मळ्याच्या नावावरून त्यांना नाव दिलं डिम्बोला. शेजारी राहायला होता इंग्लंडचा राजकवी आल्फ्रेड टेनिसन.

स्वतःची मुलं, नातेवाइकांची पोरकी मुलं, रस्त्यावर भीक मागताना सापडलेली एक आयरिश मुलगी, अशी सगळी फौज ज्युलियाने वाढवली. पण हळूहळू मुलं मोठी झाली. नवरा सिलोनमधले कॉफीचे मळे बघायला गेला की महिनोन्महिने परत यायचा नाही. घर रिकामं वाटायला लागलं.

डिसेंबर १८६३ मध्ये तिची मुलगी आणि जावई यांनी तिला एक कॅमेरा भेट दिला. एकटेपणात आईचा वेळ जावा एवढाच त्यांचा हेतू होता. ज्युलिया तेव्हा ४८ वर्षांची होती. फोटोंचे अल्बम जमवायची तिला आधीपासून हौस होती, फोटो कसे काढतात हेही तिने जवळून पाहिलं होतं. पण स्वतःचा कॅमेरा हाती येण्याची ही पहिलीच वेळ.

त्या काळातल्या श्रीमंत बाईकडून अपेक्षा काय, तर चार फोटो काढावेत, पाहुण्यांना दाखवावेत आणि कॅमेरा कपाटात ठेवून द्यावा. ज्युलियाने काय केलं? कोळसा ठेवायची खोली रिकामी करून तिचा डार्करूम केला. अंगणात कोंबड्यांचं काचा बसवलेलं खुराडं होतं. कोंबड्या बाहेर काढल्या आणि त्याचा स्टुडिओ केला.

महिनाभर काचा फुटल्या, रसायनं सांडली, फोटो पुसले गेले. अखेर जानेवारी १८६४ मध्ये ॲनी फिल्पॉट नावाच्या लहान मुलीचा फोटो तिला हवा तसा मिळाला. ज्युलिया इतकी हरखली की तिने त्याच दिवशी फोटो छापला, फ्रेममध्ये बसवला आणि मुलीच्या वडिलांना देऊन टाकला. त्या फोटोला तिने आपलं पहिलं यश म्हटलं.

एक फोटो काढायला काय काय लागायचं?

आज आपण एका मिनिटात वीस सेल्फी काढतो आणि एकोणीस डिलीट करतो. ज्युलिया वापरायची त्या पद्धतीला वेट कोलोडियन म्हणतात. वेट म्हणजे ओली, आणि खरी मेख या ओलेपणातच होती.

आधी काचेची एक प्लेट स्वच्छ करायची. तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतून, प्लेट हातावर तिरकी करत ते सगळीकडे सारखं पसरवायचं. मग अंधारात ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. आता ती प्रकाशाला संवेदनशील झाली. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, पळत डार्करूममध्ये जायचं आणि सुकायच्या आत डेव्हलप करायची. प्लेट सुकली की संपलं. हातात वेळ असायचा साधारण दहाएक मिनिटांचा.

त्यानंतर फोटो पक्का करायला पोटॅशियम सायनाइडसारखी जहाल रसायनं. मग धुणं आलं. एकेक प्लेट धुवायला विहिरीवरून नऊ-नऊ भांडी पाणी आणायला लागायचं. सिल्व्हर नायट्रेटने हात आणि कपडे काळे पडायचे ते वेगळंच. घरातल्या टेबलक्लॉथवर पडलेले ते डाग कधी निघाले नाहीत.

त्यात समोरच्याने हलायचं नाही. किती वेळ? ज्युलियाच्या फोटोंसाठी लोकांना तीन ते सात मिनिटं बसावं लागायचं असं सांगतात. त्या काळच्या फोटोंत कुणी हसताना का दिसत नाही, याचं एक कारण हेही आहे. एवढा वेळ हसू टिकवून बघा, गाल दुखायला लागतील.

मग कॅमेरा बदलायची गरज का पडली?

१८६४ आणि १८६५ ही दोन वर्षं ज्युलियाने झपाटल्यासारखं काम केलं. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीत सदस्यत्व मिळालं. लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टन म्युझियमने, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने, १८६५ मध्येच तिचे फोटो विकत घेतले. नवखीसाठी ही मोठी गोष्ट होती. थोडक्यात, जुन्या कॅमेऱ्यावर तिचं उत्तम चाललं होतं.

तरीही तिने कॅमेरा बदलला. त्याचं कारण समजून घ्यायचं तर तेव्हाचे पोर्ट्रेट कसे होते ते बघावं लागतं.

१८५४ मध्ये फ्रान्समध्ये डिस्डेरी नावाच्या फोटोग्राफरने एकाच प्लेटवर अनेक छोटे फोटो काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. त्यातून व्हिजिटिंग कार्डाच्या आकाराचे फोटो निघायचे. स्वस्त असल्यामुळे त्यांचं युरोपभर वेड पसरलं. लोक ते एकमेकांना द्यायचे, अल्बममध्ये जमवायचे. आजच्या प्रोफाइल फोटोचा हा पणजोबाच.

पण त्या फोटोत माणूस डोक्यापासून पायापर्यंत उभा. मागे रंगवलेला पडदा, बाजूला खोटा खांब, मान हलू नये म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू. सगळं कसं स्वच्छ आणि रेखीव. फक्त चेहरा नखाएवढा. कोट कुठल्या कापडाचा हे कळायचं, माणूस कसा आहे हे कळायचं नाही.

ज्युलियाला नेमका चेहराच हवा होता, आणि तोही खऱ्या माणसाच्या चेहऱ्याच्या जवळ जाणाऱ्या आकाराचा. इथे तिचा पहिला कॅमेरा कमी पडायला लागला.

त्याचं कारण तांत्रिक आहे, पण सोपं आहे. तेव्हा निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून, उन्हात धरून फोटो छापायचे. जेवढी निगेटिव्ह तेवढाच फोटो. निगेटिव्हवरून फोटो मोठा करायची सोय चांगल्या दर्जाची नव्हती. म्हणजे मोठा चेहरा हवा असेल तर मोठी काच हवी, आणि मोठ्या काचेसाठी मोठा कॅमेरा. दुसरा रस्ताच नव्हता.

तिच्या पहिल्या कॅमेऱ्यात साधारण फूटभर लांबीची प्लेट बसायची. त्यावर जामिन या फ्रेंच कंपनीची लेन्स होती. १८६५-६६ च्या सुमारास तिने घेतलेल्या कॅमेऱ्याची प्लेट होती १५ बाय १२ इंचांची. त्यासाठी तिने पुढे डॉलमायर या लंडनच्या नावाजलेल्या कंपनीची लेन्स वापरली.

मोठ्या कॅमेऱ्याने काय दिलं, काय घेतलं?

आता तोटे बघा. प्लेट मोठी, म्हणजे तिच्यावर द्रावण एकसारखं पसरवणं आणखी अवघड. काच जड, फुटायची भीती जास्त, चांदीचं रसायनही जास्त. शिवाय चेहरा जवळून घ्यायचा तर लेन्स प्लेटपासून लांब सरकवावी लागते. लेन्स जेवढी लांब जाते, तेवढा आत येणारा प्रकाश पसरून मंद होतो. प्रकाश मंद म्हणजे फोटोला वेळ जास्त. आणि प्लेट तर दहा मिनिटांत सुकणार. म्हणजे नव्या कॅमेऱ्याने तिचं काम सोपं केलं नाही, उलट घड्याळाशी चाललेली शर्यत आणखी कठीण केली.

आता फायदा. प्लेट मोठी आणि चेहरा जवळ असला की फोकसमध्ये येणारा भाग खूप पातळ होतो. डोळे स्पष्ट, पण कान धूसर. गाल स्पष्ट, पण केस विरघळल्यासारखे. आज फोनमधला पोर्ट्रेट मोड सॉफ्टवेअर वापरून मागचा भाग धूसर करतो, किंवा लोक फुल फ्रेम कॅमेरा आणि महागडी लेन्स घेतात, ते याच परिणामासाठी. ज्युलियाला तो भौतिकशास्त्राच्या नियमाने मिळाला आणि इतर फोटोग्राफर ज्याला चूक म्हणून टाळायचे, ते तिने मुद्दाम ठेवलं. फोकस करताना चित्र आपल्याला सुंदर दिसलं की ती तिथेच थांबायची. आणखी रेखीव करण्याच्या भानगडीत पडायची नाही.

दुसरी गंमत रंगांची. वेट कोलोडियनला निळा प्रकाश दिसायचा, लाल जवळपास दिसायचाच नाही. त्यामुळे त्वचेवरची लाली आणि डाग फोटोत गडद उमटायचे, तर निळे डोळे फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसायचे. सुरकुत्या ठळक व्हायच्या. म्हाताऱ्या चेहऱ्यांना यातून वेगळंच वजन आलं.

आणि हो, आजच्या वादापुरतं सांगायचं तर ज्युलियाचा कॅमेरा एका अर्थाने मिररलेसच होता. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर आपटून वर वळतो आणि आपल्या डोळ्यापर्यंत येतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि मग प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये तो आरसाच नाही. सेन्सरला जे दिसतं तेच आपल्याला स्क्रीनवर दिसतं. ज्युलियाच्या लाकडी कॅमेऱ्यातही आरसा नव्हता. मागच्या दुधी काचेवर लेन्समधलं चित्र थेट पडायचं, फक्त उलटं. डोक्यावर काळं कापड घेऊन ती ते बघायची, मग काच काढून त्याच जागी प्लेट सरकवायची.

हर्शेलचा फोटो

या नव्या कॅमेऱ्याची खरी ताकद दिसली १८६७ मध्ये.

केपला भेटलेला हर्शेल आता पंचाहत्तरीचा झाला होता. ज्युलिया आपलं सगळं अवजड सामान घेऊन केंट परगण्यातल्या त्याच्या घरी गेली. असं सांगतात की तिने त्याला आधी केस धुवायला लावले, म्हणजे ते मोकळे होऊन प्रकाश पकडतील. मग त्याच्या खांद्यांभोवती गडद कापड गुंडाळलं. मागे पडदा नाही, हातात पुस्तक नाही, शेजारी दुर्बीण नाही. अंधारातून पुढे येणारा चेहरा, वरून पडणारा प्रकाश, विस्कटलेले पांढरे केस आणि थकलेले पण जागे डोळे.

आज हा फोटो व्हिक्टोरियन काळातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पोर्ट्रेटमध्ये गणला जातो. ज्या माणसाच्या शोधामुळे फोटो कागदावर टिकायला लागला, त्याचाच चेहरा त्या शोधाने टिकवून ठेवला.

त्याच वर्षी इतिहासकार थॉमस कार्लाइलचा फोटो झाला. तो इतका धूसर आहे की दगडातून अर्धवट कोरलेलं डोकं वाटावं. ज्युलियाची भाची ज्युलिया जॅक्सन हिचेही फोटो याच वर्षीचे. तिची मुलगी पुढे जगप्रसिद्ध लेखिका झाली. नाव व्हर्जिनिया वुल्फ.

१८६८ च्या उन्हाळ्यात चार्ल्स डार्विन कुटुंबासह फ्रेशवॉटरला सुट्टीवर आला आणि कॅमेरॉन कुटुंबाच्याच घरात भाड्याने राहिला. ज्युलिया त्याला सोडणार थोडीच. आपल्या सगळ्या फोटोंमध्ये हाच आपल्याला जास्त आवडतो, असं डार्विनने लिहून दिलं. ज्युलियाने ती ओळ त्याच्या सहीसकट फोटोखाली छापली आणि प्रती विकल्या.

याचं कारण साधं होतं. तिला पैसे हवे होते.

पैसा आणि टीका

कॅमेरॉन कुटुंब बाहेरून श्रीमंत दिसायचं, आतून ओढाताण होती. सगळी भिस्त सिलोनच्या कॉफीवर, आणि तिथून येणारं उत्पन्न बेभरवशाचं. त्यात ज्युलियाचा हात सढळ. फोटोग्राफीतून घरखर्चाला हातभार लागेल अशी तिला आशा होती. म्हणून तिने कोल्नागी या लंडनच्या चित्रविक्रेत्यांमार्फत फोटो विकायला ठेवले, शेकडो फोटोंचे कॉपीराइट नोंदवले, मोठ्या लोकांच्या सह्या घेतल्या. टेनिसन तर सह्या करून वैतागला होता. तरीही फोटोग्राफीने तिला श्रीमंत केलं नाही.

दुसरीकडे फोटोग्राफीची नियतकालिकं तिच्यावर तुटून पडत होती. फोकस नाही, प्लेटवर बोटांचे ठसे आहेत, ओरखडे आहेत, धूळ आहे. बाईंना आधी तंत्र शिकायला हवं, असा एकूण सूर. यातली काही टीका खरीही होती. १८६९ मध्ये तिच्या चाळीसहून जास्त निगेटिव्हवर बारीक तडे गेले आणि त्यावर उपाय शोधायला तिला फोटोग्राफिक सोसायटीचाच सल्ला घ्यावा लागला.

पण चित्रकार आणि कवी तिच्या बाजूने होते. बर्लिनच्या प्रदर्शनात १८६६ मध्ये तिला सुवर्णपदक मिळालं. १८६८ मध्ये साउथ केन्सिंग्टन म्युझियमने तिला पोर्ट्रेट काढण्यासाठी दोन खोल्या वापरायला दिल्या.

एक फोटो थेट मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनापर्यंत पोचतो

ज्युलियाच्या कॅमेऱ्यासमोर फक्त मोठी माणसं बसली असं नाही. घरात काम करणाऱ्या मुली, गावातली पोरं, रस्त्याने जाणारे लोक, कुणीही तिच्या तावडीतून सुटायचं नाही. मेरी हिलियर नावाची मोलकरीण तिच्या फोटोंत इतक्या वेळा येशूची आई झाली की गावात तिला मॅडोना म्हणायला लागले. लहान मुलांना पंख लावून देवदूत केलं जायचं, आणि ती बिचारी कंटाळून तोंड वाकडं करायची. ते वाकडं तोंडही फोटोत आहे.

मघाशी जिचा उल्लेख आला, ती भीक मागताना सापडलेली आयरिश मुलगी म्हणजे मेरी रायन. ज्युलियाने तिला शिकवलं, घरात ठेवलं आणि अनेक फोटोंत मॉडेल म्हणून बसवलं. १८६५ च्या सुमारास लंडनमधल्या ज्युलियाच्या प्रदर्शनात हेन्री कॉटन नावाचा तरुण आला आणि मेरीच्या प्रेमात पडला. १८६७ मध्ये दोघांचं लग्न झालं.

हा हेन्री कॉटन आयसीएस अधिकारी होऊन भारतात आला, आसामचा चीफ कमिशनर झाला. ब्रिटिश अधिकारी असूनही भारतीयांच्या राजकीय मागण्यांना त्याने उघड पाठिंबा दिला. आणि १९०४ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन मुंबईत भरलं तेव्हा अध्यक्षपदी होते सर हेन्री कॉटन. कोंबड्यांच्या खुराड्यात सुरू झालेली गोष्ट अशी मुंबईपर्यंत येऊन पोचते.

शेवट सिलोनमध्ये

१८६९ मध्ये सिलोनच्या मळ्यांत कॉफीच्या पानांवर तांबेऱ्यासारखा रोग दिसला. पुढच्या काही वर्षांत तो पसरला आणि तिथली कॉफी संपवूनच थांबला. आज आपण सिलोनला चहासाठी ओळखतो, त्यामागे हा रोग आहे. १८७३ मध्ये ज्युलियाच्या त्या मुलीचं बाळंतपणात निधन झालं, जिने दहा वर्षांपूर्वी आईला कॅमेरा दिला होता.

तरीही काम थांबलं नाही. टेनिसनच्या सांगण्यावरून तिने त्याच्या राजा आर्थरवरच्या कवितांसाठी फोटो काढले. पण पुस्तकात ते लहान आकाराच्या लाकडी ठशांवरून छापले गेले. ज्या बाईने चेहरा मोठा दिसावा म्हणून कॅमेरा बदलला, तिला हे कसं चालणार? तिने पदरमोड करून पूर्ण आकाराच्या फोटोंची वेगळी आवृत्ती काढली.

१८७५ मध्ये कॅमेरॉन दांपत्य कायमचं सिलोनला निघालं. वाटेत मरण आलं तर सोय असावी म्हणून त्यांनी शवपेट्याही सोबत नेल्या आणि त्यांत सामान भरलं, असं सांगतात. सिलोनमध्ये रसायनं आणि शुद्ध पाणी मिळवणं कठीण होतं, उष्ण हवेत कोलोडियन भराभर सुकायचं. तिथले तिचे मोजकेच फोटो आज शिल्लक आहेत. त्यात मळ्यावर काम करणारे तमिळ मजूर आहेत. २६ जानेवारी १८७९ ला ज्युलियाचं सिलोनमध्येच निधन झालं. पुढच्या वर्षी चार्ल्सही गेला.

म्हणजे हातात कॅमेरा होता जेमतेम पंधरा वर्षं. तेवढ्यात तिचे हजाराहून जास्त वेगवेगळे फोटो आज नोंदवले गेले आहेत.

१९२६ मध्ये व्हर्जिनिया वुल्फने आपल्या या आजीच्या बहिणीच्या फोटोंचं पुस्तक काढलं आणि विसरलं गेलेलं नाव पुन्हा चर्चेत आलं. फ्रेशवॉटरचं डिम्बोला आज म्युझियम आहे. जे धूसर फोटो तेव्हा चूक म्हणून हसण्यावारी नेले गेले, त्यांची प्रदर्शनं जगभर भरतात.

राहता राहिला प्रश्न डीएसएलआर की मिररलेस. ज्युलियाने नवा कॅमेरा बाजारात आला म्हणून जुना सोडला नाही. आधी दोन वर्षं त्याच कॅमेऱ्यावर शेकडो प्लेट फोडल्या, धुतल्या, छापल्या. त्यातून तिला आपल्याला नेमकं काय हवं आहे आणि ते या कॅमेऱ्यातून का निघत नाही, हे कळलं. मगच तिने तो बदलला, आणि नवा कॅमेरा वापरायला जास्त त्रासाचा आहे हे माहीत असून बदलला. जुना कॅमेरा नेमका कुठे अडवतोय हे ज्याला एका वाक्यात सांगता येतं, त्याने खुशाल बदलावा. ज्याला सांगता येत नाही, त्याने आहे त्याच कॅमेऱ्यावर अजून थोडे चेहरे टिपायला हरकत नाही.